लाल रेघ खोटी, पण ती उगाच येत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की सी प्लस प्लसचा कोड बिल्ड होतो (म्हणजे त्यातून प्रोग्रॅम नीट तयार होतो), तरी व्हीएस कोड या एडिटरमध्ये चूक दाखवणाऱ्या लाल रेघा दिसत असतील तर सेटिंगमधून त्या रेघाच बंद करा. नका करू. ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार आहे तो, उद्या खरी चूकही दिसायची नाही. इन्क्लूड पाथ (हेडर फाईली कुठे शोधायच्या तो पत्ता) तपासा हा तिथलाच दुसरा सल्ला बरोबर, पण अर्धाच. रेघा मारणारं, एडिटरमधलं इंटेलिसेन्स आणि कोडचा प्रोग्रॅम बनवणारा तुमचा कंपायलर ही दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत. कंपायलरला दिलेलं सी प्लस प्लस १७ चं स्टँडर्ड किंवा मायनस डी लावून दिलेला मॅक्रो (कोडसाठी बाहेरून ठरवून दिलेलं नाव) इंटेलिसेन्सला आपोआप कळेलच असं नाही.

माझ्याकडे एका फाईलमधला इफडेफच्या (अमुक मॅक्रो ठरवलेला असेल तरच घ्यायच्या कोडच्या) आतला सगळा भाग राखाडी झाला होता आणि खाली प्रत्येक फंक्शनला 'अनोळखी नाव' म्हणून रेघ. मॅक्रो सीमेकच्या (बिल्ड कसं करायचं ते ठरवणाऱ्या टूलच्या) फाईलमध्ये होता, म्हणून इंटेलिसेन्सला तो माहीत नव्हता. सीमेकला 'एक्सपोर्ट कंपाइल कमांड्स' चालू करायला सांगितलं, बिल्ड फोल्डरमध्ये तयार झालेल्या, कंपायलरला दिलेल्या आज्ञांची यादी असलेल्या जेसन फाईलचा पत्ता सी प्लस प्लसच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'कंपाइल कमांड्स'समोर टाकला आणि रेघा गेल्या. विंडोजवाल्यांनी एक बघा: ती फाईल फक्त निंजा किंवा मेकफाईल जनरेटर (सीमेकने कुठल्या बिल्ड टूलसाठी फाईली बनवायच्या तो पर्याय) वापरला तरच बनते. व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर असेल तर 'एक्सपोर्ट कंपाइल कमांड्स' दुर्लक्षिलं जातं, एररसुद्धा येत नाही. माझी अख्खी दुपार ती फाईल शोधण्यात गेली!