सासऱ्यांनी आणलेल्या क्रिस्टलच्या फुलदाण्या: कुठे ठेवू, काय लावू?

डोंबिवलीची सून:
सासरे नोकरीच्या कामानं चेकोस्लोव्हाकियाला गेले होते (तो देश तेव्हा एकच होता), तिथून कट ग्लासच्या दोन फुलदाण्या घेऊन आले. आठेक इंच उंच, हातात घेतल्या की चांगल्या जड. आजवर शोकेसमध्ये ट्रॉफ्या आणि प्लास्टिकच्या ताजमहालाशेजारी होत्या. रंगकामात शोकेस गेली आणि या दोघी डायनिंग टेबलावर बेवारस. हॉल पूर्वेकडे, भिंती फिक्या पिवळ्या. टीव्ही युनिटवर ठेवून बघितल्या, दिसतच नाहीत. कुठे ठेवू? फुलं कोणती? एकीच्या तळाशी पांढुरकं धुकं आहे, घासून जात नाही. आणि यात शिसं असतं म्हणे. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे.

काउंटरवाला:
ताई, क्रॉकरीच्या दुकानात काउंटरवर आयुष्य गेलं माझं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीव्ही युनिटवर दिसणार नाहीतच. क्रिस्टलला आपला रंग नसतो, पैलूंवर पडलेला उजेड तेवढा दिसतो. ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, त्यात हजारोंचा माल पाण्याच्या बाटलीसारखा दिसतो. दुकानात आम्ही वरून एकच बारीक दिवा सोडायचो आणि मागे गडद कापड लावायचो, गिऱ्हाईक तिथेच थांबायचं. तुमच्या फिक्या पिवळ्या भिंतीपुढे पैलू विरून जाणार. पुस्तकांचं कपाट किंवा गडद लाकूड मागे येईल अशी जागा बघा, उजेड बाजूनं येऊ द्या. खाली भरतकामाचा रुमाल नको, पैलूंची नक्षी काय कमी आहे? आणि जोडी आहे म्हणून दोन टोकांना उभ्या करू नका. एक बाहेर ठेवा, एक कपाटात, अधूनमधून बदला.

खिडकीच्या कट्ट्यावर मात्र नको. पूर्वेचं थेट ऊन पाणी भरलेल्या गोल काचेतून गेलं की भिंगासारखं एका जागी गोळा होतं. पडदा, कागद जळू शकतो.

धुकं बहुधा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचं असेल. कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर निम्मंनिम्म घालून रात्रभर ठेवा, सकाळी मूठभर कच्चे तांदूळ टाकून हलवा. तारेची घासणी लावू नका, शिशाची काच साध्या काचेपेक्षा मऊ असते, चरे पडतात. सिंकमध्ये आधी जाड टॉवेल अंथरा. गरम पाण्यातून एकदम गारात नेऊ नका. एवढं करूनही डाग राहिला तर काचच झिजली आहे असं समजा, मग तो जात नाही.

शिशाचं म्हणाल तर चेकचा माल म्हणजे शिसं असणारच असं नाही. काचेत शिसं घालायची रीत इंग्लंडची, रॅव्हनस्क्रॉफ्ट नावाच्या काचवाल्यानं 1674 मध्ये पेटंट घेतलं. बोहेमियातली, म्हणजे चेकमधलीच, जुनी काच पोटॅश (लाकडाच्या राखेतला क्षार) आणि चुन्याची. पुढे तिकडेही शिशाचा माल होऊ लागला. युरोपच्या नियमात ‘लेड क्रिस्टल’ म्हणायला निदान 24 टक्के लेड ऑक्साइड लागतं.

घरीच तपासा. फुलदाणीचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं मोठं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा. फुलदाणी दोरीला बांधून पूर्ण बुडवा, आत हवा राहू देऊ नका, तळाला टेकवू नका, दोरी हातातच धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल त्यानं पहिल्या वजनाला भागा, म्हणजे काच पाण्याच्या किती पट जड ते कळतं. अडीचच्या आसपास आलं तर साधी काच, 2.9 किंवा वर आलं तर शिसं.

मावळची पॉलीहाऊसवाली:
काकांनी फुलांचा विषय सोडलाच! आमच्याकडे जरबेरा होतो, म्हणून सांगते. जरबेऱ्याला दोन-तीन इंचच पाणी द्या, जास्त झालं की देठ कुजतो. पण कट ग्लासमध्ये मला निशिगंध आवडतो. पांढरा, सरळ, पैलूंशी भांडत नाही. पाच-सहा छड्या पुरे. शेवंतीचा गच्च गुच्छ नको, काच झाकली जाते. पाण्याखाली येणारी पानं सगळी काढा. स्टीलच्या तांब्यात सडलेलं पान दिसत नाही, इथे प्रत्येक पैलूत दिसतं. पाणी रोज बदला. आठ इंचांच्या फुलदाणीत ग्लॅडिओलस लावणार असाल तर छडी निम्मी कापायची तयारी ठेवा, नाहीतर वरच्या भारानं कलंडते.

डोंबिवलीची सून:
नवऱ्याला दोरी धरायला लावली. वजन 1,560 ग्रॅम, पाण्यात काट्यावर 530. म्हणजे 2.94! सासरे भलतेच खूश, “मी तेव्हाच सांगत होतो.” मग मुलाचं काय?

काउंटरवाला:
नुसता हात लावल्यानं काही बिघडत नाही. शिसं उतरतं ते पदार्थ आत साठवला तर, त्यातही आंबट असला तर जास्त. म्हणून सरबत, लोणचं, दारू यात ठेवायची नाही. फुलांचं पाणी बेसिनमध्ये ओता आणि हात धुवा. पोरगं ते पाणी पिणार नाही एवढं बघा. खरी भीती वजनाची. दीड किलोची काच टेबलाच्या कडेवरून पायावर आली तर? तळाखाली पातळ रबराचा तुकडा ठेवा आणि सध्या त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. टेबलक्लॉथवर तर अजिबात नको, मुलं तो ओढतात.

डोंबिवलीची सून:
पुस्तकांच्या कपाटाचा मधला कप्पा रिकामा केला. बाजूला वाचायचा दिवा होताच. धुकं पुष्कळसं गेलं, कडेला थोडं आहे, आज परत व्हिनेगर घालते. निशिगंध उद्या. आणि ताजमहाल ठेवायला कुणाकडे जागा असेल तर सांगा.