मदत हवी आहे: वृद्धाश्रमात आत्याला बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झालाय, तक्रार करावी की कसं?

नमस्कार. माझी आत्या, वय 81, दीड वर्षापासून नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात आहे. तिने लग्न केलं नाही, आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली. आम्ही दोघं अंबडला शिफ्टमध्ये, घर सिडकोत दोन खोल्यांचं. महिन्याला 14,000 भरतो.

गेल्या रविवारी तिची कूस बदलताना तिथल्या कामाच्या मावशींना हात दिला. माकडहाडावर रुपयाएवढी जखम, कडा काळपट, पट्टी सुटून चादरीला चिकटलेली. आत्या हळूच म्हणाली, "अगं, बोलू नकोस काही. रात्री एकटीच असते बिचारी." खरंच आहे ते. 22 जणांना रात्री एकच मावशी. त्यातले 9 जण स्वतः हलू शकत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलायची तर एकेकाला दहा मिनिटं धरली तरी दीड तास त्यातच जातो. मग डायपर कधी, पाणी कधी पाजायचं? मावशींच्या स्वतःच्या कमरेला पट्टा आहे.

डॉक्टरांना दाखवलं. जखम खोल नाही, पण रोज ड्रेसिंग आणि एअर बेड हवाच म्हणाले.

व्यवस्थापकांशी बोलले. ते चिडले नाहीत, देणग्यांची वही पुढे ठेवली. पितृपक्षातली सगळी जेवणं आधीच ठरलेली, वाढदिवसांचं अन्नदान वर्षभर चालू. निम्म्या लोकांना शुगर आणि दारात जिलेबीचे बॉक्स! पण मावशीच्या पगारासाठी किंवा डायपरसाठी पावती फाडणारं कोणी नाही. त्यांची अडचण मला पटते, पण आत्याची जखम तर वाढतेय.

माझी खरी भीती ही की तक्रार केली आणि "घेऊन जा तुमचा पेशंट" म्हणाले, तर नेऊ कुठे?

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांचा वृद्धाश्रम आणि तिथल्या सेवांचा दर्जा ठरवायची तरतूद आहे, एवढं मी वाचलंय. पण अशा खाजगी ट्रस्टच्या ठिकाणी तपासणी कोण करतं? नासर्डी पुलाजवळचं समाजकल्याण ऑफिस, महापालिका की धर्मादाय आयुक्त? 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर कोणी फोन केलाय का? नाव उघड न करता काम होतं का?

दुसरं म्हणजे, आम्ही सहा-सात नातेवाईक मिळून रात्रीच्या दुसऱ्या मावशीचा पगार द्यायला तयार आहोत. पैसे त्याच कामाला जावेत म्हणून ट्रस्टकडून काय लिहून घ्यावं? नाशिकमध्ये रात्रपाळीला सध्या किती घेतात? एअर बेड भाड्याने मिळतो का, आणि गंगापूर रोडला येऊन ड्रेसिंग करणारी सिस्टर कोणाच्या माहितीत आहे का?

स्वतः यातून गेलेल्यांनी कृपया लिहा. रविवारी पुन्हा जाणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.