अनुभव धागा : उन्हाळ्यातील राखीव वाळूकिनारे

ज्या वालुकामय किनाऱ्यांवर वन्यजीवांसाठी माणसाच्या वावरावर बंधने आहेत, तेथे उन्हाळ्याच्या दिवशी पायी हिंडताना काय दिसले आणि चालण्याची रीत कशी बदलावी लागली, ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

मडगावहून

एप्रिलमध्ये आम्ही काणकोण तालुक्यातील गालजीबागच्या किनाऱ्यावर गेलो होतो. दहा वाजेपर्यंत भरतीरेषेवरची कोरडी वाळू इतकी तापली की ओल्या पट्ट्यावरूनच चालावे लागले; तेथे बारीक खेकड्यांनी अन्न शोषून टाकलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी पसरली होती. वनखात्याने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांभोवती कुंपण घातले आहे. जी वाळू आपल्या तळव्यांना सोसत नाही, तिच्याच खोल थरांत ही अंडी साधारण 45 ते 60 दिवस उबतात. तेथील तापमान सुमारे 29 अंशांच्या वर राहिल्यास माद्या अधिक निपजतात, खाली राहिल्यास नर. पुढचा सारा वेळ सुरूच्या सावलीत फार सुखाचा गेला.

दापोलीहून

सुरूचे कौतुक वाचले, पण हे झाड आपल्या किनाऱ्याचे नव्हे, लावलेले आहे. त्याच्या सुयांच्या थराखाली मर्यादवेल रुजत नाही, आणि वाळूची टेकाडे धरून ठेवते ती मर्यादवेलच. वेळासला (तालुका मंडणगड) मार्चअखेरीस गेलो असताना कासवांच्या उबवणी केंद्रात घरट्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या, पिल्ले बाहेर आली का ते पाहण्यासाठी, सकाळ-संध्याकाळी उचलताना पाहिल्या. मधला दिवस मात्र मोकळाच असतो. तेव्हा बाणकोटचा किल्ला पाहावा.

लिव्हरपूलहून

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला थंडीच वाटेल. एन्सडेलच्या राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रात जूनमध्ये चालताना पायाखाली मॅरम गवत होते. वाळूखाली गाडले गेले की ते अधिक जोमाने वर येते, मात्र सतत तुडवले गेल्यास मरते, म्हणून आखलेली वाट सोडायची नाही. वाळूच्या टेकड्यांमधील सखल जागी पाणी साचते आणि त्या उथळ, उबदार डबक्यांत नॅटरजॅक जातीचे भेक (बेडकासारखे प्राणी) अंडी घालतात. हा भेक उड्या मारत नाही, धावतो! डबकी उन्हाळ्यात आटतात, पण त्यामुळेच पिल्ले खाणारे मासे तेथे टिकत नाहीत. सर्वांत नवल वाटले ते याचे, की येथे गवत-झुडपे फार माजू न देता थोडी वाळू मुद्दाम उघडी राखतात, कारण वाळूतील सरड्यांना अंडी घालण्यासाठी उघडी, ऊन लागणारी वाळूच हवी असते. ‘हिरवे तितके चांगले’ हा आपला समज किनाऱ्यावर लागू पडत नाही.

मडगावहून, पुन्हा

दापोलीकरांचा मुद्दा रास्त आहे. 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडील सुरू आडवे झाले, तेही सर्वांनी पाहिले. तरीही असलेली झाडे एका फटक्यात तोडण्यापेक्षा, पडलेल्यांच्या जागी नवी न लावता तेथे मर्यादवेलीला वाव द्यावा, असे मला वाटते.