अंधेरी एमआयडीसी: ७० पार्किंग, ११० गाड्या. जागा वाढवायची की गाड्या कमी करायच्या?

सीप्झकर

अॅडमिनकडे काम आलंय, जाणकारांनी मदत करावी.

ऑफिस अंधेरी पूर्वेला, मेट्रो ३ च्या एमआयडीसी स्टेशनपासून रस्त्याने सव्वा किलोमीटर. ४२० जण. मुख्य वेळ साडेनऊ ते साडेसहा, शिवाय दुपारी १ ते रात्री १० अशी छोटी पाळी. निम्म्या लोकांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम. बेसमेंटमध्ये आमच्या वाट्याच्या ७० जागा, फुकट. रोज येतात साधारण ११० गाड्या. उरलेल्या ४० गल्लीत, फुटपाथवर, शेजारच्या गाळ्यासमोर. रोज टोइंग, रोज भांडण.

मॅनेजमेंट म्हणतं, शेजारच्या इमारतीत ४० जागा भाड्याने घेऊ. त्याआधी गाड्याच कमी होतील का ते तपासून प्रस्ताव द्यायचा आहे. ‘पर्यावरण वाचवा’चे मेल पाठवून झाले, एक गाडी हलली नाही. कारपूलचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर गुड मॉर्निंग येतात. सुरुवात कुठून करू?

पिनकोड

मोजणीपासून. ‘साधारण ११०’ हा वॉचमनचा अंदाज असतो.

मंगळ, बुध, गुरू असे तीन दिवस सकाळी ८ ते ११ गेटवर आणि गल्लीत माणूस उभा करा. सोमवार-शुक्रवार धरू नका, घरून काम करणारे तेच दिवस उचलतात. प्रत्येक गाडीसाठी तीनच नोंदी: वेळ, आत किती माणसं, चालवणारा स्वतः की ड्रायव्हर. ड्रायव्हरचा रकाना विसरू नका. मालकाला सोडून गाडी परत घरी जाते आणि संध्याकाळी पुन्हा येते, म्हणजे पार्किंग लागत नाही पण रस्त्यावर दुप्पट फेऱ्या होतात.

मग सहा प्रश्नांचा फॉर्म: घराचा पिनकोड, यायची वेळ, जायची वेळ, कशाने येता, दुचाकी असेल तर तेही, आणि ‘गाडी आणायचं मुख्य कारण काय’. शेवटच्या प्रश्नाला पर्याय द्या: मुलांना शाळेत सोडणं, दिवसा साइटवर जाणं, रात्री उशीर, आजारपण, स्टेशनपासूनचं अंतर, फुकट पार्किंग. ‘मेट्रोने याल का’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात, येत कोणी नाही.

नंतर पिनकोडचे गठ्ठे करा. कांदिवली-बोरिवली पूर्व, दहिसर: मेट्रो ७ ने गुंदवली, पादचारी पुलावरून मेट्रो १ चं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशन, मग मरोळ नाका (तिथे मेट्रो ३ मिळते). ठाणे, मुलुंड, भांडुप: घाटकोपरहून मेट्रो १. दादर, वरळी आणि खाली कफ परेडपर्यंत: थेट मेट्रो ३. शाळा, साइट आणि रात्रपाळीवाले वेगळे काढा, त्यांच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका. उरलेल्या यादीत तुमच्या ४० गाड्या आहेत की नाहीत ते आधी कळू दे.

वाहनतळ

मोजणी हवीच, पण मूळ दुखणं ‘फुकट’ या शब्दात आहे. येण्याजाण्याच्या वाटेसह एका गाडीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात, तेवढ्यात चारेक टेबलं बसतात. म्हणजे फुकट पार्किंग हा पगाराचाच भाग झाला, आणि तो फक्त गाडीवाल्याला मिळतो. लोकलने लटकत येणाऱ्याला काय मिळतं?

कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये यावर कायदा केला: कंपनी पार्किंग भाड्याने घेऊन फुकट देत असेल, तर जागा नको म्हणणाऱ्याला तेवढे पैसे द्यायचे. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी अशा आठ कंपन्या तपासल्या. एकट्याने गाडी चालवत येणारे ७६ टक्क्यांवरून ६३ वर आले, म्हणजे त्यांची संख्या सुमारे १७ टक्क्यांनी घटली. तोच हिशेब लावला तर तुमच्या ११० च्या ९१-९२ होतील. ७० नाही. हे मॅनेजमेंटला आधीच सांगा, नाहीतर तीन महिन्यांनी योजना फसली म्हणून ओरड होईल.

कंपनीच्या खिशाला हात न लावता करायचं असेल तर दर लावा आणि जमा झालेली रक्कम सगळ्यांत सारखी वाटा. समजा दिवसाला १५० रुपये. ११० गाड्या, २० दिवस: ३ लाख ३० हजार. भागिले ४२०, माणशी सुमारे ७८५. रोज गाडी आणणारा ३००० भरतो, ७८५ परत घेतो. आठ दिवस आणणारा १२०० भरतो, त्याला निव्वळ ४१५ पडतात. न आणणाऱ्याला ७८५ मिळतात. गाड्या ७० वर आल्या की वाटा ५०० होतो. हेही आधीच छापा, कारण ‘माझे पैसे कमी का झाले’ हा पहिला प्रश्न येणार.

दर दिवसाचाच ठेवा. मासिक पास दिलात की भरलेले पैसे वसूल करायला माणूस रोज गाडी काढतो. ही सगळ्यात नेहमीची चूक.

आणि गल्ली बंद करायला हवी. आत १५० आणि बाहेर फुकट असेल तर सगळे बाहेर. सोसायटी आणि शेजारच्या गाळेवाल्यांशी बोलून कंपनीच्या गाड्यांचे नंबर द्या. गाडी बाहेर सापडली तर त्या महिन्याचा वाटा बंद.

पैशांचा मार्ग: पगारातून कापायचे तर लेखी संमती लागेल, त्यापेक्षा गेटवर यूपीआय सोपं. परत दिलेली रक्कम पगारातच धरली जाते, तिच्यावर कर लागतो. प्रवासभत्त्याची दरमहा १६०० ची सूट २०१८ च्या अर्थसंकल्पात गेली, तिच्या जागी प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) आली. उलट, घर ते ऑफिस कंपनीने स्वतः वाहन दिलं तर तो करपात्र लाभ धरत नाहीत. ने-आण करणाऱ्या शटलवरचा रुपया कर्मचाऱ्याला पूर्ण पोचतो तो असा.

रूटमास्तर

शटलचं नाव निघालंच आहे तर आकडे मांडतो, कारण बहुतेक शटल चुकीच्या स्टेशनवर लागतात.

एमआयडीसी स्टेशन ते ऑफिस सव्वा किलोमीटर. चालत १६ मिनिटं. गर्दीच्या वेळी तेवढ्याच रस्त्याला गाडीचीही १० मिनिटं धरा. जाऊन, येऊन, दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं थांबून एक फेरी ३० मिनिटांची. दोन गाड्या लावल्यात तर दर १५ मिनिटांनी एक. सरासरी थांबणं साडेसात, प्रवास १०, एकूण साडेसतरा. म्हणजे चालणारा आधी पोचला! नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या शटलचा अर्थ शून्य. जून ते सप्टेंबर मात्र हवीच, तेव्हा ओल्या कपड्यांनी कोणी येणार नाही.

खरी गरज मरोळ नाक्याला. बोरिवलीकडच्या माणसाचं पाहा: मेट्रो ७, मेट्रो १ आणि मग एका स्टेशनसाठी मेट्रो ३. तिन्ही वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे सुरुवातीचं किमान भाडं तीनदा, शिवाय उंचावरच्या मार्गावरून भुयारात उतरणं. तिसऱ्या मेट्रोत बदलायची वेळ आली की माणूस गाडीची चावी उचलतो. मेट्रो १ मधून उतरल्यावर समोर शटल दिसली तर तो बदल गळतो.

मरोळ नाका ते तुमचं ऑफिस अडीच किलोमीटर धरू. एकेरी १५, थांबे पाच-पाच, फेरी ४० मिनिटांची. दहा मिनिटांनी एक हवी तर चार गाड्या, १७ सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलर. तासाला सहा फेऱ्या, १०२ जागा. एकट्या कंपनीला जड आहे, म्हणून त्याच रस्त्यावरच्या दोन-तीन कंपन्यांना घ्या. ओळखपत्र दाखवून कोणत्याही कंपनीचा माणूस बसेल, खर्च माणसांच्या प्रमाणात.

कंत्राटात लिहून घ्यायचं:
- पिवळी पाटी आणि काँट्रॅक्ट कॅरेज परमिट (कराराने प्रवासी नेण्याचा परवाना), प्रत ताब्यात.
- बंद पडली तर ३० मिनिटांत बदली गाडी, नाही आली तर त्या दिवसाचे पैसे नाहीत.
- भाडं तासांवर. किलोमीटरवर दिलंत तर कोंडीत अडकल्यावर ड्रायव्हर फेऱ्या गाळतो.

थांबा स्टेशनच्या दाराशी नको, तिथे रिक्षांची झुंबड. ५० मीटर पुढे, छप्पर असेल तिथे.

आणि सकाळपेक्षा संध्याकाळ महत्त्वाची. सकाळी माणूस रिक्षाने येईल, पण सव्वासातला रिक्षावाले नाही म्हणतात. ‘परत कसा जाऊ’ हा प्रश्न सुटला नाही तर सकाळी गाडीच निघते. शेवटची शटल साडेआठपर्यंत ठेवा.

नाक्यावरची

वाहनतळ यांच्या दराला एक पथ्य जोडते. दर आणि शटल एकाच दिवशी सुरू करू नका. शटल किमान सहा आठवडे आधी. आधी पैसे मागितलेत तर पुढचं सगळं ‘वसुली’ वाटतं.

राहिलेल्या बारीक गोष्टी, ज्यांवर योजना अडते:

आणीबाणीची घरपोच गाडी. मूल आजारी, अचानक उशीर, लोकल बंद: कंपनीच्या खर्चाने टॅक्सी, वर्षाला माणशी सहा वेळा, साहेबाची परवानगी नको, बिल नंतर. परवानगी ठेवलीत की ती सोय कागदावरच राहते. वापर कमीच होतो. ती आहे, एवढ्यानेच गाडी घरी ठेवायचा धीर येतो.

रात्रीची पाळी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना त्यांच्या संमतीनेच थांबवता येतं, आणि सुरक्षेबरोबर घरापर्यंत वाहन द्यावं लागतं. १ ते १० च्या पाळीत ही गाडी तुमच्याकडे आधीच असेल. रिकाम्या सीटवर पुरुषांना बसवलं तर त्यांच्या आणखी चार-पाच गाड्या घरीच राहतात, फक्त शेवटी उतरणारी बाई एकटी राहणार नाही असा क्रम लावा.

कारपूल. ग्रुप चालत नाही कारण तो भाग बघून जुळवला जातो. परत जायच्या वेळेवर जुळवा, त्यात १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक नको. तिघांपेक्षा मोठा गट करू नका, चौथ्याची वाट पाहण्यात मोडतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेणं परमिटच्या नियमात बसत नाही, म्हणून कंपनीने दर ठरवूच नये. आळीपाळीने गाडी काढायची: सोमवारी एक, मंगळवारी दुसरा. दोन किंवा जास्त माणसांच्या गाडीला पार्किंग माफ आणि लिफ्टजवळची जागा, हे आमिष पुरतं.

वेळा. साडेनऊचा हट्ट सोडा. आठ ते अकरा कधीही या, अकरा ते चार सगळे हजर. मध्य रेल्वेनेही २०२३ मध्ये आपल्या मुंबई विभागाच्या कार्यालयात दोन वेळा सुरू केल्या होत्या. घाटकोपरला सव्वानऊला मेट्रोच्या जिन्यावरची रांग पाहिली की कळतं, गाडीवाल्याला त्या गर्दीत ढकलून तो टिकणार नाही. आठला किंवा साडेदहाला टिकेल.

कंपनीकडून प्रवासाचे पास सरसकट देऊ नका. मेट्रो १ चा ४५ फेऱ्यांचा पास ३० दिवसांत संपवावा लागतो. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्याच्या महिन्यात २४-२६ फेऱ्या होतात, त्याचे पैसे वाया. त्याला नुसतं कार्ड टॉप-अप करून द्या. रेल्वेच्या सेकंड क्लासचं उलट आहे, सात-आठ दिवसांच्या ये-जा मध्येच महिन्याचा पास वसूल होतो.

सीप्झकर

मनापासून आभार, हे छापून घेतो. दोन अडचणी. एक, ७० पैकी १८ जागा वरिष्ठांच्या नावाने राखीव, त्यातल्या निम्म्या दुपारपर्यंत रिकाम्या. दोन, दर लावला तर लोक दुचाकीवर जातील का?

वाहनतळ

राखीव जागा आधी मोडा, बाकी नंतर. नावाच्या पाट्या काढायच्या, पद कोणतंही असो, दर तोच. अपंग, गरोदर आणि डॉक्टरचं पत्र असलेले एवढेच राखीव, लिफ्टजवळ, माफ. साहेबाची जागा फुकट राहिली तर खालचा माणूस १५० का देईल?

मॅनेजमेंट अडलं तर मधला मार्ग: दहापर्यंत गाडी आली नाही तर जागा खुली. रोज आठ-नऊ जागा तिथेच सुटतील, म्हणजे ४० पैकी पाचवा हिस्सा, एक रुपया न खर्चता.

दुचाकीकडे जातील, नक्की. पावसात वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ते कोणालाच नको आहे. म्हणून दुचाकीलाही दर लावा, गाडीच्या पाचवा हिस्सा, ३० रुपये. वाटणीत तीही रक्कम मिसळा.

पिनकोड

मुहूर्ताबद्दल. जूनमध्ये सुरू करू नका, पहिल्या पावसात सगळे परत गाडीवर. गणपतीतही नको, निम्मे रजेवर, आकडे खोटे येतात. शटल दिवाळीनंतर, दर जानेवारीत. जूनपर्यंत सवय लागलेली असते.

पावसाचा नियम आधीच लिहून ठेवा: हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर आदल्या संध्याकाळी सात वाजता घरून कामाचा निरोप. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, ते कॅलेंडरवर टाका आणि त्या दिवशी मोठ्या बैठका ठेवू नका. लोकल बंद पडून एकदा कोणी रात्री दोनला घरी पोचलं, की पुढचा महिना ते गाडीच काढतं.

मोजायचा आकडा एकच: हजर असलेल्या दर १०० माणसांमागे एकट्याने आणलेल्या गाड्या. नुसत्या गाड्या मोजल्यात तर घरून काम करणारे वाढल्याचं श्रेय शटलला जाईल. तेच तीन वार, त्याच वेळा, एप्रिलमध्ये पुन्हा. शेजारच्या ४० जागांचा करार तोपर्यंत करूच नका. अगदीच नाइलाज झाला तर १५ जागा, तीन महिन्यांसाठी, आणि मुदत आपोआप वाढणार नाही हे करारात पाहून घ्या.