इंग्लंड: नऊ वर्षांच्या कॉम्बी बॉयलरसाठी मेंटेनन्स प्लॅन घ्यावा का? कोणत्या अटी बघू?

थेम्सकाठ

नमस्कार मंडळी. जूनमध्ये रेडिंगला घर घेतलं. तीन बेडरूम, आठ रेडिएटर, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात गॅसचा कॉम्बी बॉयलर (रेडिएटरही तापवतो आणि नळाला गरम पाणीही देतो), २०१६ साली बसवलेला. आजवर भाड्याच्या घरात राहिलो, त्यामुळे बॉयलर बिघडला की घरमालकाला फोन करायचा, एवढंच माहीत. आता सगळं आपल्यालाच बघायचं आहे.

घाई अशासाठी की नोव्हेंबरअखेर आई-बाबा साताऱ्याहून येतायत, फेब्रुवारीपर्यंत राहतील. बाबांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली आहे. ऐन थंडीत घर दोन-तीन दिवस गार पडलं तर आमचं आम्ही सोसू, त्यांना ते सोसायला लावायचं नाही.

दोन प्लॅन पाहून ठेवलेत. पहिला महिना २४ पौंड, एक्सेस (दर दुरुस्तीला आपल्या खिशातून भरायची रक्कम) नाही. बॉयलर, कंट्रोल, पाइप, रेडिएटर सगळं आत. दुसरा महिना १३ पौंड, पण दर तक्रारीला ६० पौंड एक्सेस, आणि फक्त बॉयलर व कंट्रोल. वर्षाची एक सर्व्हिस दोन्हींत धरलेली आहे. तिसरा पर्याय म्हणजे प्लॅन न घेता जवळचा इंजिनिअर धरायचा. तुम्ही काय केलंत आणि का, ते सांगाल का?

एक राहिलं. बॉयलरचं प्रेशर दर आठ-दहा दिवसांनी ०.७ बारवर येतं. मी खालच्या फिलिंग लूपने (नळाचं पाणी आत सोडायची नळी) पाणी भरून १.५ करते. आधीचे मालक म्हणाले की ते नेहमीचंच आहे.

मिल्टनकर

आम्ही प्लॅन घेतलेला नाही. सहा वर्षं एकाच इंजिनिअरकडून दर सप्टेंबरात सर्व्हिस करून घेतो, सध्या ९५ पौंड घेतो. सहा वर्षांत एकदा पंखा गेला, २६० पौंड पडले. महागड्या प्लॅनच्या हिशेबाने याच्या दुपटीहून जास्त गेले असते. तो तीन गल्ल्या पलीकडे राहतो, हेही खरं. सगळ्यांना असा माणूस मिळतोच असं नाही.

सांजवात

ताई, किमतीच्या आधी एक गोष्ट बघा: तो प्लॅन विमा आहे की नुसता सर्व्हिसचा करार. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात. विमा असेल तर त्यावर फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीची देखरेख असते, वाद झाला तर फायनान्शियल ओम्बुड्समनकडे फुकट दाद मागता येते, आणि हप्त्यात १२ टक्के विमा कर धरलेला असतो. नुसत्या करारात हे संरक्षण असेलच असं नाही.

मी हे पैसे घालवून शिकले आहे. एका छोट्या कंपनीचा स्वस्त प्लॅन होता, वर्षाचे पैसे एकरकमी भरले होते. पाचव्या महिन्यात कंपनी बंद पडली. फोन उचलायला कोणी नाही, पैसे परत मागायला जागा नाही. कागद काढून पाहिला तेव्हा त्यात 'विमा' हा शब्द कुठेच नव्हता.

पाना-पक्कड

मी अकरा वर्षं लंडनच्या पश्चिम भागात बॉयलरचंच काम करतो. त्यातली तीन वर्षं प्लॅनवाल्या कंपन्यांची कामं कंत्राटावर केली, तेव्हा दोन्ही बाजू पाहिल्यात. जरा लांबण लागेल, पण तुमच्या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

दर आठ-दहा दिवसांनी पाणी भरावं लागणं हे नेहमीचं नाही. हीटिंगचं पाणी बंद चक्रात फिरतं, ते कमी व्हायचं कारण नाही. कमी होतंय म्हणजे कुठून तरी बाहेर जातंय. शिवाय दर वेळी तुम्ही ताजं पाणी भरता तेव्हा त्यासोबत प्राणवायू आत जातो, रेडिएटर आतून गंजतात, आणि गंज रोखायला घातलेलं रसायन पातळ होत जातं. त्या गंजाचाच काळा गाळ होतो आणि तो पंप व हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता पाण्याला देणारा भाग) खातो.

आणि आता प्लॅनशी संबंध बघा. आधीपासून असलेला दोष जवळजवळ कोणताच प्लॅन भरून देत नाही. गाळ आणि क्षार यांनी झालेलं नुकसानही बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं. म्हणजे आज आहे त्या स्थितीत प्लॅन घेतलात तर पहिल्याच भेटीत इंजिनिअर प्रेशर बघेल आणि 'आधीचा दोष' असं लिहून जाईल. मी स्वतः असं लिहून आलेलो आहे, समोर म्हातारं जोडपं असताना. तो कागद नियमाला धरून होता, तरी तिथून निघताना वाईट वाटलं होतं.

तेव्हा आज दोन गोष्टी करा. हीटिंग गार असताना काटा कुठे आहे ते लिहा, मग तासभर पूर्ण चालवून पुन्हा लिहा. १.२ वरून १.८ पर्यंत गेला तर ठीक. अडीचच्या पुढे, तीनच्या जवळ गेला तर एक्सपान्शन व्हेसलमधली हवा गेली आहे. हा बॉयलरच्या आत असलेला चपटा डबा, मध्ये रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी तापून फुगलं की त्या हवेवर दाब पडतो आणि जागा होते. हवाच नसली की फुगलेलं पाणी तीन बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून बाहेर पडतं. दुसरी गोष्ट, बाहेरच्या भिंतीतून एक तांब्याची बारीक नळी वळून आलेली असेल, तिच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून रात्रभर ठेवा. सकाळी पिशवीत पाणी दिसलं की उत्तर मिळालं.

बॉयलरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. ते काम गॅस सेफ रजिस्टरमधल्या, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेल्या माणसाचंच. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला तो कोणकोणती कामं करू शकतो ते छापलेलं असतं, तेही वाचा. रजिस्टरच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पडताळता येतं. अजूनही कोणी 'मी कॉर्गीवाला' म्हणून सांगत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा, कॉर्गी ही जुनी नोंदणी, तिची जागा इथे १ एप्रिल २००९ पासून गॅस सेफने घेतली आहे.

थेम्सकाठ

मनापासून आभार. आजच बघितलं. गार असताना १.३, तासाभराने २.८! पिशवी आज रात्री बांधते.

लीड्सकर

इकडे उत्तरेत वेगळाच अनुभव. बॉयलर ठणठणीत, प्लॅन चालू, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बॉयलर बंद. आतून गुळण्या केल्यासारखा आवाज. फोनवर पाऊण तास थांबल्यावर दोन दिवसांनंतरची वेळ मिळाली, आणि आधीच सांगितलं की बाहेरचा पाइप गोठला असेल तर ते प्लॅनमध्ये येत नाही.

पाइप गोठलाच होता. कंडेन्सिंग बॉयलर चालताना पाणी सुटतं, ते एका प्लास्टिकच्या पाइपने गटारात जातं. तो पाइप घराबाहेरून बराच लांब नेलेला असला की कडाक्याच्या थंडीत आत बर्फ होतो, पाणी तुंबतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. शेजारच्या आजोबांनी दाखवलं: कोमट पाणी पाइपवर हळूहळू ओतायचं, उकळतं नाही, आणि मग रीसेट. वीस मिनिटांत घर तापायला लागलं. नंतर तो पाइप जाड करून घेतला आणि वर फोमचं आवरण घातलं. तुमचा पाइप बाहेरून जातो का ते आत्ताच, ऑक्टोबरातच बघून ठेवा.

उंबरठा

मध्येच विचारतो. आमचा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. भाडेकरूंसाठी दर वर्षी गॅस तपासणी लागतेच, मग प्लॅनमधली सर्व्हिस वेगळी करायची गरज आहे का?

पाना-पक्कड

उंबरठा, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. घरमालकाला १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार दर १२ महिन्यांनी तपासणी करून घ्यावी लागते आणि तिची नोंद २८ दिवसांत भाडेकरूला द्यावी लागते. त्यात बघतात ते उपकरण सुरक्षित आहे की नाही. सर्व्हिस म्हणजे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे देखभाल. एकाच भेटीत दोन्ही होऊ शकतं, पण दोन्ही हवंय असं आधी सांगा आणि दोन्हींचे कागद घ्या.

हाच धागा थेम्सकाठ यांच्याकडे नेतो. प्लॅनमध्ये 'वर्षाची सर्व्हिस' लिहिलेलं असतं, आत बारीक अक्षरांत कधीकधी 'वार्षिक तपासणी' असतं. तपासणीत माणूस ज्वलनाचे वायू मोजणारा अ‍ॅनालायझर लावतो, फ्लू (धूर बाहेर नेणारी नळी) बघतो, आकडे ठीक असले तर वीस मिनिटांत जातो. खऱ्या सर्व्हिसला पाऊण तास ते तास लागतो: ज्वलनाचे आकडे, गॅसचा दाब, कंडेन्सेटचा (बॉयलरमधून सुटणाऱ्या पाण्याचा) सापळा साफ करणं, व्हेसलची हवा मोजणं, गंजाचा गाळ पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर असेल तर तो धुणं, आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तर बर्नर उघडून सील बघणं. तुमच्या घरात वर्षानुवर्षं नुसती तपासणी झाली असावी, कारण एवढं घसरणारं प्रेशर सर्व्हिसमध्ये सुटत नाही.

बॉयलरसोबत आलेलं पुस्तक शोधा. शेवटच्या पानांवर 'बेंचमार्क' नावाचा तक्ता असतो, त्यात बसवल्याची तारीख आणि दर वर्षीची नोंद असते. बॉयलरवरचा सीरियल नंबर घेऊन उत्पादकाला फोन करा. वॉरंटी शिल्लक असेल तर प्लॅनची गरजच नाही, फक्त दर वर्षीच्या सर्व्हिसची अट पाळायची. संपली असेल तरी विचारा: वूस्टर बॉश, वेलंट यांच्याकडे ठरलेल्या एका रकमेत दुरुस्ती करून मिळते. तुमच्या यादीत नसलेला हा चौथा पर्याय.

सांजवात

कार्बन मोनॉक्साइडचा (बॉयलर नीट जळला नाही तर सुटणारा, वास नसलेला विषारी वायू) अलार्म आहे ना घरात? नसेल तर प्लॅनचं राहू द्या, आधी तो आणा. वीस-पंचवीस पौंडांत मिळतो, डब्यावर 'ईएन ५०२९१' हे मानक लिहिलेलं बघून घ्या. आणि गॅसचा वास आला तर प्लॅनवाल्यांना नाही, ०८०० १११ ९९९ ला फोन करायचा. आई-बाबांनाही हा नंबर फ्रिजवर लावून दाखवा. दिवसा तेच घरी असणार.

थेम्सकाठ

पिशवीत सकाळी कपभर पाणी होतं.

उत्पादकाला फोन केला. वॉरंटी सात वर्षांची होती, २०२३ मध्येच संपली. बेंचमार्कच्या तक्त्यात पहिली तीन वर्षं भरलेली, पुढे कोरी पानं. अलार्म जिन्यापाशी होता, पण तारीख उलटलेली, म्हणून नवा मागवला. कंडेन्सेटचा पाइप सुदैवाने आतूनच सिंकच्या नळीला जोडलेला आहे.

आता इंजिनिअर बोलावते. पण प्लॅनचं काय? दुरुस्तीनंतर तरी घ्यावा का?

मिल्टनकर

हिशेब करून बघा. पहिला प्लॅन वर्षाला २८८ पौंड. त्यातून सर्व्हिसचे शंभर काढले तरी १८८ उरतात. दुसरा १५६, म्हणजे सर्व्हिस धरून वर फक्त ५६ पौंड, पण बिघाड झाला की ६०. वर्षात तीन वेळा बिघडला तरच पहिला परवडेल. आणि पाइप-रेडिएटरचं म्हणाल तर ते दिसतात, गळले की कळतात, कोणीही प्लंबर करतो.

पाना-पक्कड

हिशेब बरोबर. मी त्यात दोन गोष्टी घालतो.

एक, दुसऱ्या प्लॅनचे कागद मागवा आणि हे शोधा: वयाची मर्यादा किती (काही ठिकाणी दहा वर्षं झाली की नुसती मजुरी देतात, भाग नाहीत), वर्षाची कमाल रक्कम किती, सुरुवातीला किती दिवस दावा करता येत नाही (१४ किंवा ३० असतात), आणि दुरुस्ती परवडणारी नाही असं ते कशावरून ठरवतात. या शेवटच्या कलमावर मी सगळ्यात जास्त लोक निराश झालेले पाहिलेत. बॉयलर 'दुरुस्तीपलीकडे' ठरला की काही प्लॅन नव्या बॉयलरसाठी थोडीशी रक्कम देतात, नवा बसवायला मात्र अडीच-तीन हजार लागतात.

दोन, तुमचा प्रश्न मुळात पैशांचा नाही. जानेवारीत सगळ्यांचेच फोन वाजत असतात, आणि माझ्यासारखा एकटा माणूस आधी आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे जातो. तुम्ही रेडिंगमध्ये नव्या, ओळख नाही. अशा वेळी या एका हिवाळ्यासाठी स्वस्तातला प्लॅन घेणं मी चूक म्हणणार नाही. फक्त किती तासांत माणूस पाठवू हे कागदावर लिहिलेलं आहे का ते बघा. 'शक्य तितक्या लवकर' याला काही अर्थ नसतो. घरात वयस्कर, हृदयाचा रुग्ण आहे हे नोंदवता येतं का विचारा, काही कंपन्या अशांना आधी घेतात.

लीड्सकर

आणि तेलाचा एक विजेवरचा रेडिएटर घेऊन ठेवा, दीड-दोन किलोवॅटचा. थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा, एक्स्टेंशनवर नाही. एक खोली उबदार राहिली की दोन दिवस निघतात.

थेम्सकाठ

उशिरा लिहितेय, पण काम झालं.

जवळच्या लायब्ररीतल्या पाटीवरून एक इंजिनिअर मिळाल्या, रजिस्टरवर नंबर पडताळला. व्हेसलमध्ये हवा अजिबात नव्हती. टायरला असतो तसा व्हॉल्व्ह, त्यातून पंपाने भरली. सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, पूर्ण सर्व्हिस केली, नवं रसायन घातलं. सगळे मिळून २१० पौंड. मॅग्नेटिक फिल्टर नव्हताच, तो पुढच्या उन्हाळ्यात बसवू म्हणाल्या. बेंचमार्कच्या पानावर सहा कोऱ्या रकान्यांनंतर पहिली सही पडली. आज तेरावा दिवस, काटा १.३ वरच आहे.

दुसरा प्लॅन घेतला, महिना १३ वाला. विमा आहे, विचारून लेखी घेतलं. वयाची अट पंधरा वर्षं, घरात हृदयाचा रुग्ण आहे हे नोंदवलं. पहिले १४ दिवस दावा करता येत नाही, ते येत्या शुक्रवारी संपतात. आई-बाबांचं विमान त्यानंतर नऊ दिवसांनी आहे.

पाना-पक्कड, हीटिंगच्या पाण्याचं तापमान ७५ वर होतं, त्यांनी ६० केलं. बाबांना खोली गरम हवी असते, वाढवू का?

पाना-पक्कड

वाढवू नका. ६० वर बॉयलर कमी गॅसमध्ये चालतो, रेडिएटर हाताला कमी तापलेले लागतात, पण जास्त वेळ चालून खोली तितकीच तापवतात. आई-बाबा येण्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून चालू ठेवा, भिंती तापायला वेळ लागतो. अगदीच बोचरी थंडी पडली आणि खोली २१ पर्यंत पोहोचेना, तर ६५ करून बघा.