धुळ्यात मोकळ्या हवेत फिरायला कुठं जाता? आपापले अनुभव सांगा

पुण्याहून आलेल्या भाचीने परवा विचारलं, मामा तुमच्या धुळ्यात फिरायला काय आहे, तर आमच्याच घरातल्या एकाने सांगून टाकलं की काही नाही. मला ते फार लागलं, अख्खं लहानपण पांझरा नदीच्या काठी गेलंय माझं. म्हणून विचारतोय. नुसती नावं नकोत, तुम्ही कोणासोबत गेलात, कोणत्या महिन्यात, काय पाहिलं ते लिहा. सुरुवात मी करतो, लळिंग किल्ला. आग्रा रोडने मुंबईकडे निघालं की थोड्या वेळात डोंगर दिसतोच. गावातून चढायला आम्हाला पाऊण तास लागला, सोबत आठ वर्षांची पोरगी होती. खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि वरून हायवेवरचे ट्रक काडेपेटीएवढे दिसतात. फारुकी राजांच्या काळातलं हे मोठं ठाणं. ऑगस्ट-सप्टेंबरला जा, मार्चनंतर नको, वर सावली नाही.

लळिंगचं लिहिलंत तर कुरण पण लिहा ना भाऊ! आम्ही दरवर्षी 31 जुलैला त्या कुरणातल्या लांडोर बंगल्यावर जातो. 1937 साली बाबासाहेब तिथं मुक्कामाला थांबले होते, त्याची आठवण म्हणून लांबलांबून लोक येतात. वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे, फडक्यात कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा. गुडघ्याएवढं ओलं गवत, कुठूनतरी मोर ओरडायचा आणि वडील बाबासाहेबांबद्दल सांगत चालायचे. आता वडील नाहीत, मी माझ्या मुलाला नेते, तो गाडीवर मागे बसतो पण भाकरी तीच असते.

मी धुळ्यातल्या देवपूरचा. माझ्यासाठी एकवीरा मातेचं मंदिर आणि त्यामागची नदी. माझं जावळ इथंच काढलं, माझ्या पोराचंही. चैत्राच्या यात्रेत पाळण्यात बसायला आम्ही वर्षभर पैसे साठवायचो. आजी काठावर बसून ओरडायची, "पोरेहो, पानीमा जाऊ नका रे!" आणि तेव्हा पाणी घोट्याएवढं पण नसायचं. पण 2019च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आजीचं ओरडणं कळलं, पुलाजवळ उभं राहून तो गढूळ लोंढा बघताना पाय थरथरत होते. एरवी संध्याकाळी काठावर बसायला छान वाटतं, फक्त निर्माल्य आणि प्लास्टिक पाण्यात टाकू नका, हात जोडून सांगतो.

माझा अनुभव बागेचा नाही, शेताचा आहे, चालेल का? साक्री तालुक्यात मामाचं गाव, तिथली फड बागायत बघायला जा. पांझरेवर जुने बंधारे आहेत, त्यातून पाट काढलेत आणि पाणी कोणाला कधी द्यायचं ते शेतकरी मिळून ठरवतात, शेकडो वर्षांची पद्धत आहे ही. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं म्हणजे पाणी वाया जात नाही. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी आजोबांच्या मागे मी सकाळी सहाला पाटाच्या कडेने चालायचो, ते फावड्याने दोन ढेकळं बाजूला करायचे की पाणी खळखळत ऊसात शिरायचं. प्रसिद्ध इंजिनिअर विश्वेश्वरय्या 1884 मध्ये नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीलाच त्यांनी याच पांझरेच्या पाण्यासाठी सायफनचं, म्हणजे नळातून पाणी पलीकडे नेण्याचं, काम केलं, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं आणि मामाला फोन करून सांगितलं, तो म्हणे आम्हाला माहितीच होतं.

नकाणे तलाव. पहाटे. थंडीत. पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, अजून काय पाहिजे.

मुडावदला कोणी गेलं नाही का? तिथं आपली पांझरा तापीला मिळते, संगमावर कपिलेश्वराचं मंदिर आहे. महाशिवरात्रीला गर्दी असते, आम्ही नंतर एका साध्या सोमवारी गेलो, मी, बायको आणि सासूबाई. तापी एवढी रुंद की आपली नदी तिच्यापुढे ओढ्यासारखी वाटली. सासूबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाल्या, हे आपल्या देवपुरातूनच आलंय. बराच वेळ त्या तिथून उठल्याच नाहीत. भाचीला तिथं न्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच घेऊन जा.