मदत हवी आहे: व्हेंटिलेटरची नळी काढल्यापासून बाळाच्या श्वासाला आवाज येतोय

सोलापुरात कुणाचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं का, किंवा कुणी डॉक्टर, सिस्टर असतील तर सांगा की ओ.

धाकट्या बहिणीला आठव्या महिन्यातच मुलगी झाली, वजन 1350 ग्रॅम, फुप्फुसं कच्ची म्हणून नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलेलं. मधे एका रात्री नळी निघाली, परत घालताना दोनतीनदा प्रयत्न करावे लागले असं एक सिस्टर बोलता बोलता बोलून गेल्या, डिस्चार्ज कार्डावर मात्र त्यातलं एक अक्षर नाही. नळी काढल्यावर श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, अ‍ॅड्रेनॅलिनची वाफ दिली की कमी व्हायचा नि परत यायचा. सूज आहे, उतरेल म्हणाले. घरी येऊन बरेच दिवस झाले, वजन वाढतंय, पण दूध पिताना आवाज वाढतो, गळ्याखालची खळगी आत ओढली जाते आणि रडणं घोगरं. आई म्हणते कफ आहे, ओव्याची धुरी द्या, त्यावरून घरात रोज वाद.

नळीमुळे वाट अरुंद होते ते नेमकं कुठल्या बाळांना? कमी वजन, जास्त दिवस नळी, की ती परत घालणं? आणि पुण्याला न्यायचं तर हुतात्मा एक्सप्रेसनं चालेल का गाडीच करावी?

प्रतिसाद:
ताई, नवजात विभागात नोकरी केलीय म्हणून लिहिते. धुरी आजपासून बंद, आईंना वाईट वाटलं तरी चालेल. स्वरयंत्राखाली क्रिकॉइड म्हणून कूर्चेची अख्खी गोल कडी असते, सूज आली की बाहेर फुगायला जागा नाही, सगळी आतच येते. तिथली वाट 4 मिमीची धरली आणि चहूबाजूंनी 1 मिमी सूज आली तर मोकळी जागा पाव उरते. एकच कारण शोधत बसू नका, वजन कमी म्हणून नळी जास्त दिवस, जास्त दिवस म्हणून ती हलणार, निघणार, परत घालताना खरचटणार, त्यात इन्फेक्शन, असं एकातून एक होतं. नळी जाड असली तरी होतं, 1 ते 2 किलोच्या बाळाला साधारण 3 नंबरची घालतात, कार्डावर बघा. नुसती सूज असती तर एव्हाना उतरली असती. खरचटलेलं भरताना आकसलं असेल, किंवा स्वरतंतू हलत नसेल, घोगरं रडणं म्हणून म्हणते. कधीकधी नळीचा संबंधच नसतो, स्वरयंत्र मुळातच मऊ असतं. घशात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय कळणार नाही. आधी इथल्याच कान-नाक-घसावाल्यांना फोन करून नवजात बाळाच्या मापाची दुर्बीण आहे का विचारा. पुण्याला कसं न्यायचं ते बाळाच्या डॉक्टरांनी तपासून सांगू दे. ओठ निळे पडले, दूध ओढेना किंवा श्वास मधेच थांबला तर कशाचीच वाट बघू नका, 108.

धागा लेखिका:
खूप आभार ताई. कार्डावर 3 नंबरच आहे. नळी परत घातल्याचं हॉस्पिटलकडून लिहून मागते. दुर्बिणीच्या आधी दूध बंद ठेवतात का हो? ही दोन तासही थांबत नाही.

प्रतिसाद:
भूल देणार असतील तर अंगावरचं दूध साधारण 4 तास आधी थांबवतात. पहाटेची वेळ मागून घ्या.